धुळेकरांची धूळ

आमचे घराणे जळगावचे, पण नोकरीची सारी वर्षे धुळ्यात गेली. त्यामुळे धुळीविषयी बोलण्याचा अधिकार मला गावाच्या नावानेच मिळाला आहे, अशी माझी समजूत होती. गेल्या पौषात माझ्या भाच्याने ती काढून घेतली.

हा भाचा तारे पाहतो. त्यात खानदेशला नवे काही नाही. चाळीसगावजवळ पाटण्याला भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला. १२०७ सालचा त्याचा शिलालेख तेथे आहे. भाच्याला मात्र जुन्नरकडे जावे लागते. तिथे गिरवलीच्या डोंगरावर पुण्याच्या 'आयुका' संस्थेची दोन मीटर आरशाची दुर्बीण २००६ साली उभी राहिली. त्याला तेथे काही रात्री मिळाल्या, म्हणून मीही गेलो. बरोबर हिने दिलेला डबा : वांग्याचे भरीत आणि कळण्याच्या भाकरी.

सूर्य बुडाला, मी डबा सोडला, आणि हा पठ्ठ्या उठून चालता झाला!

"मामा, आता वीस मिनिटे हाक मारू नका."

आकाशात एक तारा नव्हता. हा रिकाम्या आकाशाचेच फोटो घेत होता! पडद्यावर करडा चौकोन, त्यावर मेदूवड्यासारखी काळसर कडी.

"हे रे काय?"

"धूळ. कॅमेऱ्याच्या काचेवरची."

"मग पूस की!"

"उद्या दुसरी बसेल. आजच्या ताऱ्यांना आजचीच धूळ लागते, मामा."

म्हणजे असे : धुळीचे डाग, कडेचा अंधुकपणा, कॅमेऱ्याचे काही ठिपके जात्याच मंददृष्टी, हे सारे सारख्या उजेडात टिपून ठेवायचे आणि रात्रीच्या चित्राला त्याने भागायचे. आधी टिपावे तर उजेडाने कॅमेरा दिपतो, उशीर करावा तर तारे उगवतात. आपल्याकडे सूर्य उभाच खाली उतरतो, त्यामुळे मधली वेळ फार तोकडी. ज्या गाळणीतून कॅमेऱ्याला कमी दिसते ती आधी. अंधारेल तसा प्रत्येक फोटो अधिक वेळ घ्यायचा आणि दर वेळी दुर्बीण जराशी सरकवायची, म्हणजे एखादा आगाऊ तारा सगळ्या फोटोंत एकाच जागी बसत नाही.

एवढा खटाटोप कशाला? पेगॅसस तारकापुंजात एका ताऱ्यासमोरून त्याचा ग्रह जाताना १९९९ साली प्रथम दिसला. तेव्हा ताऱ्याचा उजेड उतरला शेकडा दीड! भाचा असलेच ग्रह शोधतो. तारा डागावर सरकला तरी उजेड तेवढा उतरू शकतो.

"आदल्या दिवाळीत एक रात्र अशीच गेली," तो म्हणाला. "उजेड उतरला खरा, पण ग्रह की धूळ, सांगता येईना. संध्याकाळचे फोटो राहून गेले होते. पहाटे पुन्हा संधी असते, तर ढग आले."

"संध्याकाळचे का राहिले?"

तो काही बोलेना. मग मला आठवले. पाडव्याला दिवेलागणीच्या वेळी मी धुळ्याहून फोन केला होता. 'घरी का आला नाहीस' म्हणून चांगला अर्धा तास.

भरीत गार झाले होते. त्याने तीन भाकरी खाल्ल्या.