'आवर' म्हणण्यापूर्वी आवरायला शिकवा

'स्वतःला आवर!' हा उपदेश आपल्या घराघरांतून इतक्या सहजपणे केला जातो, की त्यातून आपण समोरच्याला काहीच दिलेले नाही, याचे भानही उरत नाही. वाशी-नेरूळच्या इमारतींतील भिंती पातळ असतात. शेजारची मुलगी रात्री का किंचाळते, तिच्या मनगटावरील व्रण कशाचे, हे मजल्यावर साऱ्यांना ठाऊक असते. रविवारी मिस्सेनंतर मात्र आपण कुजबुजतो, 'संस्कार कमी पडले'. आणि तिच्या आईला नोव्हेनाची पुस्तिका देऊन मोकळे होतो.

या वृत्तीचा आम्ही निषेध करतो. भावना आवरणे हा सद्‌गुण खरा. पण ते कौशल्यही आहे, आणि कौशल्य शिकावे लागते. पोहता न येणाऱ्याला काठावरून 'बुडू नकोस' असे बजावणे म्हणजे दया नव्हे.

असे शिक्षण उपलब्ध आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांनी घडविलेल्या या पद्धतीला डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी म्हणतात. वारंवार जीव देऊ पाहणाऱ्या स्त्रियांमध्ये तिच्यामुळे स्वतःला इजा करण्याचे प्रकार घटल्याचे १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. वैयक्तिक उपचारांच्या जोडीला आठवड्यातून एकदा गटाचा वर्ग भरतो. सजग राहणे, क्लेशाचा क्षण निभावणे, भावनांचे नियमन करणे आणि नाते न तोडता आपले म्हणणे मांडणे, असे चार विषय तेथे शिकवितात. घरचा अभ्यासही देतात. श्वास घेण्यापेक्षा तो सोडायला अधिक वेळ द्यावा, इतक्या साध्या गोष्टीपासून प्रारंभ होतो.

लिनेहन यांचे निदान आपल्याला झोंबणारे आहे. जन्मजात हळवे मन आणि त्याच्या वेदनेला सतत 'काही झालेले नाही' म्हणून झिडकारणारे घर, या दोहोंतून हा विकार वाढतो, असे त्या सांगतात. म्हणजे आपला तो उपदेश औषध नसून दुखण्याचाच भाग ठरतो!

'चारचौघांत घराची लक्तरे का टांगावी?' असे कोणी विचारील. हा वर्ग आहे; तेथे कोणाची कर्मकहाणी वदवून घेतली जात नाही, आणि ऐकलेले बाहेर न्यायचे नाही, असा नियम असतो. 'श्रद्धा कमी पडते,' असे कोणी म्हणेल. कॅथलिक घरात वाढलेल्या लिनेहन तरुणपणी स्वतःच मनोरुग्णालयात होत्या. हे त्यांनी २०११ साली जाहीरपणे सांगितले. शिकागोतील एका चॅपेलमध्ये प्रार्थना करताना त्यांना स्वतःविषयी प्रेम वाटले. तरीही पुढे त्यांनी ही कौशल्ये शोधलीच. प्रार्थनेने त्यांचे काम वाचविले नाही. काम करण्याचे बळ दिले. गंभीर मानसिक विकाराने आत्मघात करणाऱ्याची जबाबदारी उणावते, हे ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथही (परिच्छेद २२८२) मान्य करतो. मृत्यूनंतर दाखवायची ही करुणा जिवंतपणी का दाखवू नये?

ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ उभी केली आणि मनाचे आरोग्य मराठीतून शिकविता येते, हे दाखवून दिले. नवी मुंबईतील धर्मग्रामांकडे आमचे मागणे माफक आहे : मद्यमुक्तीच्या सभांना जशी जागा मिळते, तशी आठवड्यातून एक सायंकाळ या वर्गासाठी द्या. शिकविणारी व्यक्ती प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञच हवी. हौशी उपदेशक नको. आणि ज्याला आजची रात्र काढणे कठीण आहे, त्याच्या हाती पुस्तिकेआधी १४४१६ हा 'टेली-मानस'चा क्रमांक द्या, आणि त्याच्याजवळ बसा.

दिवाणखाना लग्नांसाठी उघडतो, तसा तो बुडणाऱ्यांसाठीही उघडला पाहिजे.