कुलपातल्या कात्र्या

दुधनीकडच्या एका अंगणवाडी ताईंचं पत्र आलं, तेव्हा त्याच तक्रारीची आणखी पत्रं टेबलावर पडून होती. शालापूर्व संचातल्या कात्र्या कपाटात आणि कपाटाला कुलूप. का, तर साठा नोंदवहीत लिहिल्या तेवढ्या तपासणीला भरल्या पाहिजेत. एक कमी निघाली की खुलासा ताईंनी द्यायचा. वर 'पोराला लागलं तर जबाबदार कोण?' हा ठरलेला प्रश्न. मग अहवालात कातरकामापुढे बरोबरची खूण, आणि फोटोतली कागदी फुलं ताईंनी रात्री घरी बसून कापलेली! वापरून मोडलेली कात्री म्हणजे ताईंचा निष्काळजीपणा. न वापरता गंजलेली मात्र दप्तरी शाबूत.

कात्र्या तरी कसल्या? बोथट पात्यांत कागद कापला न जाता दुमडतो आणि मुलाला वाटतं, आपल्यालाच जमत नाही. डावखुऱ्याचे हाल तर विचारू नका. नेहमीची कात्री डाव्या हातात आली की अंगठ्याच्या दाबाने पाती एकमेकींपासून सुटतात, वरचं पातं रेघच झाकून टाकतं. खरेदीच्या यादीत डाव्या हाताची कात्री कुणी पाहिली असेल तर जरूर कळवा.

तीन वर्षांच्या मुलापुढे थेट गोल आखलेला कागद ठेवणाऱ्या ताईही आपल्यात आहेतच. फाडणं नाही, पट्टीवर एकेक काप नाही, एकदम वळण! वळणावर कागद फिरवायचा असतो, मनगट नव्हे, हे पुन्हा सांगावं लागतं याचंच वाईट वाटतं.

ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम मांडलं ते गावात मिळेल त्या साहित्यावर. दुधनी तर तुरीची बाजारपेठ. हंगामात ओल्या शेंगा सोलायला द्या, बोटांत जोर येतो. कणकेच्या वळकट्या कापू द्या (ज्वारीच्या पिठाच्या नकोत, त्या तुटतात). मग जुन्या लग्नपत्रिका. वर्तमानपत्राचा पातळ कागद नवख्या हातात लोळतो. घरी कन्नड बोलणाऱ्या मुलाचंही इथे अडत नाही, ते ताईच्या हाताकडे पाहतं.

तेव्हा ताई, कुलूप काढा. एका वेळी चारच मुलं, खाली बसून, तुमच्या नजरेसमोर. कात्री मोडली तर नोंदवहीत तारीख घालून 'वापरात मोडली' असं लिहा. कुलूप लावा म्हणणाऱ्यांकडून तसा आदेश लेखी मागा. मिळालाच, तर त्याची प्रत आमच्याकडे धाडा. पुढच्या अंकात छापू आणि आयुक्तालयालाही पाठवू.