टॅब्लेट संगणक विकत घेण्यापूर्वीं

ज्या कुटुंबांत आजोबा, सुना आणि मुलें एकच यंत्र आळीपाळीनें वापरतात, तेथें तें केवळ चैनीची वस्तु राहत नाहीं. बँकेचे व्यवहार, औषधांच्या चिठ्ठ्या, घराचे दस्तऐवज आणि लग्नमुंजींचीं छायाचित्रें त्यांत साठत जातात. कळफलक सुटा होणारा टॅब्लेट संगणक अशा घरास सोयीचा खरा. परंतु त्याच्या सडपातळ रूपावर भाळण्यापूर्वीं दोन प्रश्न विचारणें अगत्याचें आहे. हा बिघडला तर उघडतां येईल काय? आणि यांतील आमची माहिती आमचीच राहील काय? थोडा विचार केल्यास दिसून येईल कीं, हे दोन्ही प्रश्न मुळांत एकच आहेत.

बॅटरी ही झिजणारी वस्तु आहे. कांहीं वर्षांनीं तिची शक्ति घटते, क्वचित् ती फुगून पडदाहि उचलते. ती गोंदानें चिकटविलेली असेल तर आधीं पडदा तापवून सोडवावा लागतो, आणि त्यांत कांच फुटण्याचें भय असतें. दुरुस्तीचा खर्च ऐकून मग चांगलें यंत्रहि भंगारांत जातें. पातळ यंत्र असेंच असावयाचें, ही सबब मात्र आतां टिकत नाहीं. यंत्रें उघडून तपासणाऱ्या ‘आयफिक्सिट’ या संस्थेनें मायक्रोसॉफ्टच्या २०१३ मधील पहिल्या सरफेस प्रोस दुरुस्तीसाठीं १० पैकीं १ गुण दिला होता. २०२४ मधील अकराव्या आवृत्तीस ८ मिळाले.

आतां माहितीचें पाहूं. आयपॅडसारख्या अनेक टॅब्लेटांत माहितीचा सांठा मुख्य पट्टावरच डाख देऊन बसविलेला असतो. असें यंत्र कारागिराकडे गेलें कीं घरचीं पत्रें व हिशेबहि त्याबरोबर जातात. उलट सरफेस प्रो ८ व ९ यांत मागील टेकूखालीं लहानसें झांकण असून, एक स्क्रू काढला कीं साठवणीची एसएसडी पट्टी हातीं येते. हमीच्या अटी पाहून ती काढावी, कपाटांत ठेवावी, व बाकीचें यंत्र खुशाल दुरुस्तीस द्यावें.

विंडोज ११ प्रथम सुरू करतांना कंपनीचें खातें मागते. बहुधा त्याच वेळीं सांठा कुलूपबंद होतो आणि त्याची ४८ अंकी किल्ली त्या खात्यांत जमा होते. चोरापासून हें रक्षण उत्तम. पण खात्याचा परवलीचा शब्द विसरल्यास मालकासच दार बंद! म्हणून ती किल्ली कागदावर उतरून दस्तऐवजांबरोबर ठेवावी. जाहिरातींसाठीं असलेली ओळख व स्थान कळविण्याची सवलत बंद करावी. ज्यांस कंपनीचें खातेंच नको, त्यांच्यासाठीं इंग्लंडच्या ‘स्टार लॅब्ज’चा लिनक्सवर चालणारा स्टारलाइट आहे, मात्र आपलें नेहमींचें काम त्यावर होतें कीं नाहीं, तें आधीं पाहावें.

घरांतील प्रत्येकास निराळें खातें उघडून द्यावें, हें विशेष सांगणें आहे. एकत्र कुटुंबांतहि प्रत्येकीची पेटी निराळी असे, आणि ती कोणी विचारल्यावांचून उघडीत नसे. सुनेचें माहेरचें पत्र किंवा मुलाची रोजनिशी यांसहि तोच मान हवा. २०१७ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला; त्याचा आरंभ घरापासून व्हावा.

दुकानदारास एवढें विचारावें: बॅटरी बदलतां येते काय? पट्टी निघते काय? सुटे भाग किती वर्षें मिळतील? सुरक्षेच्या सुधारणा कधींपर्यंत येतील? युरोपीय संघानें २० जून २०२५ पासून टॅब्लेटांचे महत्त्वाचे सुटे भाग विक्री थांबल्यावरहि ७ वर्षें पुरविणें बंधनकारक केलें आहे. तेव्हां ग्राहकाचा हा प्रश्न कांहीं अवास्तव नव्हे. उत्तर मिळालें नाहीं तर पैसे कनवटीस ठेवून सरळ पुढील दुकान गांठावें.