खिळ्यावर धावणारी गाडी

ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे फॉर्म्युला वनच्या गाड्या धावल्या. तिथे सारी करामत इंजिनाची. पण ज्या गाडीला इंजिनच नाही, तिचीही शर्यत असते आणि तिथे सारी करामत चार खिळ्यांची असते.

१९५३ साली कॅलिफोर्नियातील मॅनहॅटन बीच या गावी डॉन मर्फी नावाचे गृहस्थ कब स्काउटांचे पथक चालवीत. मुलांनी स्वतः बसून चालवायच्या उतारावरच्या गाड्यांची शर्यत तेव्हा लोकप्रिय होती, पण मर्फींचा मुलगा तिच्यासाठी लहान पडत होता. म्हणून त्यांनी तळहातावर मावणारी गाडी शोधून काढली. पाइनच्या लाकडाचा ठोकळा, प्लॅस्टिकची चार चाके आणि आस म्हणून चार खिळे. पहिल्या शर्यतीत शेवटच्या रेषेवर दारावरच्या घंटा जोडल्या होत्या! वडील आणि मुलगा यांनी एकत्र बसून काहीतरी करावे, हा मूळ हेतू. आज अमेरिकेतल्या मराठी घरांतही ‘पाइनवुड डर्बी’साठी कानस आणि पॉलिशपेपर बाहेर निघतात.

आपल्याकडे भारत स्काउट्स अँड गाइड्सचे मुख्यालय दिल्लीतच आहे. तिथल्या एखाद्या कब-बुलबुल पथकाला किंवा सोसायटीतल्या मुलांना हा खेळ मांडायचा झाला, तर सामान दूर नाही. चिडाचे लाकूड कीर्तिनगरला, खिळे आणि कानस चावडी बाजारात, खेळण्यातली चाके सदर बाजारात.

उतार सर्वांना सारखा. वजनाची मर्यादाही सारखी, पाच औंस म्हणजे सुमारे १४२ ग्रॅम. मग एक गाडी पुढे आणि दुसरी मागे का? कारण खिळा आणि चाकाचे भोक यांच्यातले घर्षण.

नवा खिळा डोळ्यांना गुळगुळीत दिसतो, पण डोक्याखाली बोट फिरवले की कंगोरा लागतो. आधी खिळा काचेवर घरंगळवून तो सरळ आहे ना, ते पाहावे. मग तो ड्रिलच्या तोंडात धरून हळू फिरवावा आणि बारीक कानशीने कंगोरा काढावा. पुढे ४०० नंबरचा पॉलिशपेपर, मग ६००, मग १०००, पाण्यात भिजवून. चाकावर साच्याची रेघ उमटलेली असते, ती अलगद घासावी. जोर लावला की चाक वाकडे झालेच म्हणून समजा.

वंगण म्हटले की आपला हात शिवणयंत्राच्या तेलाकडे जातो. इथे तेल नको. त्याला धूळ चिकटते आणि काही प्लॅस्टिक त्याने फुगते. बहुतेक पथके कोरडी ग्रॅफाइट पूडच वापरू देतात. पेन्सिलीचे शिसे कुटून काम भागणार नाही, कारण त्यात माती मिसळलेली असते. खिळा ठोकताना चाक आणि ठोकळा यांमध्ये जाड कार्डाएवढी फट ठेवावी. मग गाडी सपाट फळीवर ढकलून पाहावी. ती एका बाजूला ओढत असेल, तर खिळा किंचित फिरवून पुन्हा पाहावे. ही चाचणी कंटाळवाणी खरी, पण अर्धी शर्यत इथेच ठरते.

खरी अडचण मात्र निराळीच असते. ‘थांब, तुला नाही जमणार,’ म्हणत बाबा कानस हातात घेतात आणि मुलगा टीव्हीपुढे जाऊन बसतो. काही पथकांनी तर या हौशी बाबांसाठी वेगळीच शर्यत ठेवली आहे! ड्रिल मोठ्यांनी धरावे, ते बरोबरच. पण पॉलिशपेपर आठ वर्षांच्या बोटांत राहू द्यावा. एखादा खिळा बिघडेल. मूठभर जास्त आणलेले बरे.

चाक बसले की टिचकी मारावी आणि ते किती सेकंद फिरते, ते मुलालाच मोजू द्यावे. कमी भरले, तर चाक काढून पुन्हा १००० नंबरचा कागद.