पोकळीची किंमत

१९७४ साली मेलबर्न विद्यापीठात रिचर्ड रॉबसन विद्यार्थ्यांसाठी रेणूंच्या प्रतिकृती तयार करत होते. लाकडी गोळे आणि काड्या, एवढंच सामान. कुठल्या गोळ्याला कुठे भोक पाडायचं याच्या खुणा त्यांनी कार्यशाळेला करून दिल्या, आणि जोडायला बसल्यावर लक्षात आलं, की भोकांच्या जागा ठरल्या की रचना जवळजवळ आपोआपच ठरते.

आमचा हा अंक त्या भोकांपासूनच सुरू होतो. कोपऱ्यांवर धातूचे आयन, त्यांना जोडणारे सेंद्रिय रेणू आणि मध्ये पोकळीच पोकळी. या ‘मॉफ’ पदार्थांसाठी रॉबसन, सुसुमू कितागावा आणि ओमर याघी यांना २०२५चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. याघींच्या ‘मॉफ-५’च्या दोनेक ग्रॅम पुडीत फुटबॉलच्या मैदानाएवढं क्षेत्रफळ दडलेलं असतं!

कार्बन डायऑक्साइड पकडणं, हायड्रोजन साठवणं हेही अंकात आहेच. आम्ही रेंगाळलो ते पाण्यापाशी. याघींच्या गटाने अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात रात्रीच्या हवेतली वाफ या पोकळ्यांत धरली आणि दिवसा उन्हाच्या उष्णतेने ती बाहेर काढून तिचं पाणी केलं. नळाची वाट पाहणं म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या वाचकांना आम्ही काय सांगावं? उद्यापासून टँकर बंद, असं मात्र आम्ही म्हणणार नाही. म्हणूनच लेखकांना आम्ही एकच गोष्ट बजावली होती: चमत्कार थोडे, हिशेब जास्त.

तो हिशेब तुम्हाला पटतो का, ते कळवा. प्रयोगशाळेत किंवा कारखान्यात अशा पदार्थांवर हात काळे केलेल्यांच्या पत्रांची आम्ही विशेष वाट पाहू.