घरकुलाची भिंत कोणाची?

कल्याणहून माळशेजकडे जाताना मुरबाड मागे पडले की टोकावड्याच्या परिसरात दोन प्रकारची नवी घरे दिसतात. एक, शहरी धनिकांची सुटीपुरती घरे: उतरते कौलारू छप्पर, पुढे ऐसपैस पडवी. दुसरी, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांच्या वाड्यांतील घरकुले: चौकोनी खोके, वर सपाट स्लॅब नाहीतर पत्रा, पडवीचा पत्ता नाही. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कारवीचे कूड उभारले आणि छपरे शाकारली त्यांना खोके, आणि ज्यांनी आयुष्यात कौल हाती धरले नाही त्यांना कौलारू घर!

सरकारी कागद मात्र निर्दोष आहे. 1985-86 मध्ये सुरू झालेल्या इंदिरा आवास योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत घराचा ठरावीक नमुना लादू नये असे स्पष्ट म्हटले होते. क्षेत्र 20 चौरस मीटरपेक्षा कमी नसावे, एवढेच बंधन. 2016 च्या प्रधानमंत्री आवास योजनेने ते 25 चौरस मीटर केले आणि स्थानिक हवामान व साहित्य यांचा आदर करण्याची भाषाही वापरली. मग हे खोके आले कोठून? ते आले हिशेबातून. सर्वसाधारण भागात योजनेचे अनुदान 1 लाख 20 हजार रुपये ठरले. कातकऱ्यांसाठी 2023 च्या जनमन योजनेत 2 लाख. हप्ता सुटतो तो बांधकामाच्या टप्प्याचे छायाचित्र चढल्यावर. छायाचित्रात भिंत आणि छप्पर असले की काम भागते. पडवी कोणी मागत नाही, आणि पैसा संपतो तेथे घर संपते.

पडवी ही शोभेची वस्तू नव्हे. चार महिन्यांच्या पावसात भिंतीला झड लागू नये, सरपण कोरडे राहावे, शेळी बांधता यावी, वैशाखात पत्र्याखालून उठून म्हाताऱ्या माणसाला टेकता यावे, म्हणून ती असते. कुडामातीच्या घरांचे गोडवे गाणारे आमचे काही शहरी स्नेही आहेत. त्यांच्याशी आमचे जमत नाही. दरवर्षी कूड लिंपण्याचे आणि जमीन सारवण्याचे कष्ट बहुधा बाईच्याच वाट्याला येतात. पक्के घर हा तिचा हक्कच आहे. पण पक्के म्हणजे बिनपडवीचे, हे कोणी ठरवले?

याच घराच्या दर्शनी भिंतीवर योजनेचे बोधचिन्ह आणि लाभार्थ्याचे नाव रंगवले जाते. सरकारी बँकेचे कर्ज काढून बंगला बांधणाऱ्याच्या फाटकावर कर्जाची पाटी कोणी लावत नाही. केरळ सरकारने 2023 मध्ये अशा पाटीला, ती घरमालकाच्या स्वाभिमानाला धक्का देते म्हणून, उघड नकार दिला. आपल्याकडे त्याची चर्चाही झाली नाही.

मुरबाड-शहापूरच्या साथींनी येत्या ग्रामसभांत हे ठराव आणावेत: पडवी आणि भिंतीपुढे आलेले छप्पर अंदाजपत्रकातच धरून अनुदान वाढवावे, छपराचा हप्ता पावसाळ्यापूर्वी हाती पडावा, आणि भिंतीवर काय रंगवायचे ते घरातल्या बाईला विचारावे.