बाळ बोलत नाही? आधी कान तपासा

दोन वर्षांचं मूल बोलत नसेल, तर घरातल्या मोठ्यांचं उत्तर तयार असतं : ‘त्याचा बापही उशिराच बोलला होता.’ फार तर पाठीमागे थाळी वाजवून पाहतात. बाळ दचकलं की विषय संपतो. पण ही तपासणी नव्हे.

ऐकू येणं आणि शब्द ऐकू येणं यात फरक आहे. ढोल, ट्रॅक्टर, थाळी ऐकू येणाऱ्या बाळालाही ‘स’, ‘श’, ‘फ’ असे बारीक आवाज ऐकू येत नसतील. मग शब्द कानात अर्धवट पोहोचतो आणि तोंडातूनही अर्धवटच येतो. वारंवार सर्दी होऊन पडद्यामागे पाणी साचलं तरी ऐकणं कमी होतं. शिवाय, ऐकू न येणारं बाळही पहिले काही महिने हुंकार देतं. त्यामुळे घरच्यांना शंका येत नाही.

दुसरा गैरसमज बोलीचा. आपल्याकडचं मूल ‘डोळा’ऐवजी ‘डोया’ म्हणतं, तो उच्चारदोष नाही. अहिराणी किंवा लेवा गणबोलीत ते जे ऐकतं, तेच बोलतं. सुरुवातीला बाळ कोणत्याही भाषेतले ध्वनी वेगळे ओळखू शकतं. वर्षाच्या सुमारास कान घरच्या भाषेला सरावतो. घरात अहिराणी आणि बाहेर मराठी, यामुळे बोलणं रखडत नाही. बोली बंद करू नका, कान तपासून घ्या.

जगभर मान्य असलेला नियम 1-3-6 असा आहे : पहिल्या महिन्यात प्राथमिक तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू. ‘ओएई’ ही तपासणी झोपलेल्या बाळाच्या कानात छोटं टोक ठेवून काही मिनिटांत होते. सुई टोचावी लागत नाही. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात श्रवणदोषाचा समावेश आहे. श्रवणयंत्र आणि कॉक्लिअर इम्प्लांटसाठी केंद्राच्या ‘ॲडिप’ योजनेतून मदत मिळते. पण निदानच उशिरा झालं, तर भाषा शिकण्याची मोलाची वर्षं हातची जातात.

म्हणून जळगाव असो की धुळे, सरकारी असो की खासगी, प्रत्येक प्रसूतिगृहातून घरी सोडताना लसीच्या नोंदीशेजारी कानाच्या तपासणीचीही नोंद हवी. ती सक्तीची होईपर्यंत पालकांनीच विचारावं : ‘बाळाचे कान तपासले का?’ सहा महिन्यांचं बाळ आवाजाकडे वळत नसेल, वर्षाचं एकही शब्द बोलत नसेल किंवा दोन वर्षांचं दोन शब्द जोडत नसेल, तर वाट पाहू नका. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा.